मदत हवी आहे: मिकाझुकी मुनेचिकाच्या तलवारीचा वाक, चंद्रकोरी आणि म्यान

निळाई:
'तोकेन रानबू' या जपानी गेममध्ये प्रसिद्ध तलवारी माणसांच्या रूपात येतात. त्यातल्या मिकाझुकी मुनेचिकाची ताची (जुनी, कमरेला लटकवायची जपानी तलवार) कॉस्प्लेसाठी, म्हणजे त्याचा वेश करण्यासाठी, बनवते आहे. पातं 6 मिमी प्लायचं, लांबी 80 सेंमी, म्यान 5 मिमी ईव्हीए फोमचं. तीन ठिकाणी गाडं अडलंय. वाक मोजून 2.7 सेंमी दिला, तरी तलवार ताची न वाटता कताना (कमरपट्ट्यात खोवायची जपानी तलवार) दिसते. पात्यावरच्या चंद्रकोरी पांढऱ्या ॲक्रिलिकने काढल्या, त्या टिकल्या चिकटवल्यासारख्या वाटतात. आणि पातं पाऊण भाग म्यानात जाऊन अडकतं, ओढलं की रंग खरवडतो. कुणी सांगेल का?

रंधा:
माप बरोबर आहे. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातल्या मूळ तलवारीची लांबी 80 सेंमी आणि वाक 2.7 सेंमीच आहे. तुमचं चुकतंय ते वाकाचं ठिकाण. तुम्ही सगळ्यात खोल भाग मधोमध, 40 सेंमीवर घेतला असणार. हेइआन काळातल्या (साधारण आठवं ते बारावं शतक) या ताचीचा वाक कमरेत, म्हणजे मुठीजवळ असतो आणि टोकाकडे पातं जवळपास सरळ होत जातं.

कागदावर 80 सेंमीची सरळ रेघ मारा. खोली 2.7 सेंमी ठेवा, पण ती मुठीपासून 25 ते 30 सेंमीवर. त्यावर लवचिक पट्टी धरून वक्र काढा आणि तोच वक्र मुठीतही पुढे न्या. सरळ मूठ लावली की सगळा डौल जातो. रुंदीही सारखी ठेवू नका: मुठीशी 3 सेंमी असेल तर टोकाशी निम्म्याच्या आसपास, आणि टोक छोटं. प्लाय वाकवायचा नाही, जिगसॉने त्या आकारात कापायचा. 6 मिमीचा लांब तुकडा लवलव करतो, 9 मिमी घ्या. धार 2 मिमी बोथट ठेवा.

चंदेरी:
कोरींबद्दल. मिकाझुकी म्हणजे तृतीयेची चंद्रकोर. सान्जो मुनेचिका या तलवार घडवणाऱ्या लोहाराच्या या पात्यावर धारेला पाणी देताना पोलादात ज्या कोरी उमटल्या, त्यावरून हे नाव पडलं. पातं उजेडात तिरपं धरलं की त्या झळकतात, एरवी विरून जातात. म्हणून रंग वापरूच नका, चमकेतला फरक वापरा.

पुट्टी, मग 220, 400, 800 नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, त्यावर चकचकीत चंदेरी स्प्रे. 24 तास वाळू द्या. स्टिकर फिल्ममध्ये 8 ते 10 मिमीच्या कोरी कापून भोकं पाडा, फिल्म धारेलगतच्या लाटेसारख्या रेषेला लागून चिकटवा आणि 25 ते 30 सेंमीवरून मॅट क्लिअरचे दोन अगदी हलके हात मारा. जाड हात दिला तर क्लिअर फिल्मखाली झिरपतं आणि कोरीची कड फुटते. पावसाळी दमट हवेत लॅकर पांढरट पडतो, तेव्हा कोरड्या दिवसाची वाट पाहा. कोरी सारख्या अंतरावर नकोत, आकारही थोडा कमीजास्त हवा. क्रोम स्प्रे टाळा, वर क्लिअर मारलं की तो राखाडी होतो.

रंधा:
म्यानाचं कारण भूमितीत आहे. वाक सगळीकडे सारखा असेल तरच पातं घट्ट म्यानात सरकतं. इथे मुठीकडे जास्त, टोकाकडे कमी, त्यामुळे आत जाताना टोक आणि पाठ भिंतीला घासतात. आतली पोकळी रुंदीत 5 मिमी सैल ठेवा आणि पातं तोंडाशीच एका चिवट फोमच्या चकतीने धरा. फक्त फोटो काढायचे असतील तर सोपं: पूर्ण पातं वेगळं, आणि म्यानासाठी 15 सेंमीचं खुंट लावलेली दुसरी मूठ.

सुईदोरा:
अडकवण्याचं राहिलं. कताना धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोवतात. ताची मात्र डाव्या कमरेला, धार खाली, म्यानावरच्या दोन कड्यांना बांधून लटकते. पहिलं कडं म्यानाच्या तोंडाजवळ, दुसरं साधारण 20 सेंमी मागे. धार खाली असली की मूठ आणि टोक दोन्ही वर उचलली जातात. दोऱ्या आधी तात्पुरत्या बांधा, चालून पाहा, मगच पक्की गाठ मारा.

निळाई:
धन्यवाद! पातं नव्याने कापते. मिकाझुकीच्या डोळ्यांतही कोरी आहेत, त्यांच्यासाठी लेन्स घ्यावी का?

चंदेरी:
नको. साधी गोल लेन्स पापणी मिटताना फिरते आणि कोर आडवी-उलटी होते. फोटोत नंतर घाला.