सामाईक संपादनातील शुद्धलेखनाचे आणि शब्दयोजनेचे वाद : आपले अनुभव लिहा

मराठी विकिपीडियावरील लेख असो, संस्थेच्या स्मरणिकेचा सामाईक मसुदा असो की गृहनिर्माण सोसायटीचे निवेदन असो, एकाच मजकुरावर अनेकांचे हात फिरू लागले की ऱ्हस्व-दीर्घावरून खटके उडतातच. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली, आणि आज वाद घालणारे दोन्ही पक्ष तेच अठरा नियम पुढे करतात. नागपूर आणि परिसरातील ज्यांनी असे संपादन केले आहे, त्यांनी वाद कोणत्या शब्दावरून पेटला आणि कशाने मिटला (किंवा मिटला नाही), हे सविस्तर लिहावे. व्यक्तींची व संस्थांची नावे घेऊ नयेत. सुरुवात मीच करतो.

आमच्याकडे वाद आपल्या गावाच्या नावावरूनच झाला. एका उत्साही स्वयंसेवकाने ‘शोधा आणि बदला’ वापरून संपूर्ण मजकुरातील ‘नागपुर’ काढून ‘नागपूर’ केले. ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावे, असा नियमच असल्यामुळे त्याचे म्हणणे खरे होते. पण त्याच फटक्यात ‘नागपुरात’चे ‘नागपूरात’ आणि ‘नागपुरी संत्री’चे ‘नागपूरी संत्री’ झाले. दुसऱ्या संपादकांनी संतापून सगळेच बदल उलटवले, त्यामुळे मूळच्या खऱ्या चुकाही परत आल्या. सामान्यरूपात (प्रत्यय लागताना शब्दाचे होते त्या रूपात) उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, हे सांगितल्यावर स्वयंसेवकाने विचारले की, मग ‘शरीर’चे ‘शरिरात’ का होत नाही? प्रश्न रास्त होता. तत्सम (संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या) शब्दातील मूळचे दीर्घत्व सामान्यरूपातही टिकते आणि ‘गरीब–गरिबाला’ हा न्याय ‘शरीर’ला लागू होत नाही, हे चर्चापानावर उदाहरणांसह मांडल्यानंतर तो वाद संपला. उलटवण्यापूर्वी कोणी दोन ओळी लिहिल्या असत्या, तर तो पेटलाही नसता.

धरमपेठ, निवृत्त शिक्षिका

आमचा वाद ‘दीक्षाभूमि’ आणि ‘दीक्षाभूमी’ यांवरून सुरू झाला. संस्कृत शिकलेल्या एका सहकाऱ्यांना ‘भूमि’ ऱ्हस्वच हवी होती. तत्सम इकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहायचा (कवी, बुद्धी, गती) आणि समासाच्या पूर्वपदात मात्र तो ऱ्हस्व ठेवायचा, म्हणून ‘दीक्षाभूमी’ आणि ‘भूमिपूजन’ ही दोन्ही रूपे एकाच परिच्छेदात बरोबर ठरतात, हे त्यांना पटवता आले. पटले, तरी ‘दिसायला गबाळे दिसते’ हा शेरा त्यांनी मारलाच.

खरी चकमक त्यानंतर झाली, आणि तिचे उत्तर कोणत्याही नियमावलीत नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या घटनेला एक संपादक ‘धर्मांतर’ म्हणत होते, तर दुसऱ्यांचा आग्रह ‘धम्मदीक्षा’ या शब्दासाठी होता. पहिल्यांच्या मते तो सर्वांना कळणारा, तटस्थ शब्द होता. दुसऱ्यांच्या मते त्या शब्दाने जुना धर्म सोडण्यावर भर येतो आणि स्वीकारल्याचा भाग झाकला जातो. रात्री एकाने बदलावे आणि सकाळी दुसऱ्याने पूर्ववत करावे, असा क्रम चालला. दोघांच्याही बदलांपुढे कारण म्हणून एकच शब्द असे : ‘शुद्धलेखन’. मला राग आला तो याचाच. शेवटी नावावरचा वाद बाजूला ठेवून घडले ते लिहिले : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९३५ सालच्या येवल्याच्या परिच्छेदात मात्र ‘धर्मांतराची घोषणा’ हेच शब्द ठेवले, कारण तेथे जुना धर्म सोडण्याचा निर्धारच जाहीर झाला होता. दोन्ही शब्द आपापल्या जागी राहिले आणि दोन्ही संपादकही टिकले.

हिंगणा मार्ग, संगणक अभियंता

ताईंच्या वादात निदान फरक डोळ्यांना दिसत होता. आमच्याकडे एक सदस्य ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ असे शब्द पुन्हा पुन्हा बदलत असत, आणि जुनी व नवी आवृत्ती शेजारी ठेवली तरी पडद्यावर काडीचाही फरक दिसत नसे. त्यांच्यावर संपादनांची संख्या वाढवत असल्याचा आरोपही झाला. वस्तुतः हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो : एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, आणि दुसरा साध्या ‘र’पुढे हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच असतात, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. आरोप मागे घेतला गेला; माफी मात्र कोणी मागितली नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीसारखी दिसतात, म्हणून शब्दच पुन्हा टंकणारेही भेटतात. मराठी वळणाच्या ‘ल’ व ‘श’ला शासनाच्या २००९ च्या निर्णयाचा आधार आहे; पण पडद्यावर कोणते वळण दिसावे हे फॉन्ट ठरवतो, त्याला संपादक काय करणार?

काटोल, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

आम्ही संत्रा बागायतदारांच्या मुलाखती लिहून काढत होतो. एका आजोबांचे ‘विहिरीले पाणी येऊन राहिलं होतं’ हे वाक्य पुण्याच्या एका सहसंपादकांनी ‘विहिरीला पाणी येत होते’ असे करून टाकले. माझ्या प्रास्ताविकातील ‘अनुदान भेटते’चे ‘अनुदान मिळते’ केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो मजकूर माझा होता आणि तेथे प्रमाणभाषाच हवी. आजोबांच्या तोंडचे शब्द बदलण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ यांसारखी बोलण्यातली रूपे महामंडळाच्या नियमांनाही चालतात, हे दाखवल्यावर त्यांनी अनुस्वार परत दिले. ‘येऊन राहिलं’ मात्र प्रकल्पप्रमुखांनी मध्यस्थी केल्यावरच परत आले.

सदर, ग्रंथपाल

थोडक्यात लिहितो. ‘१९२३ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली’ हे वाक्य आदरापोटी कोणी बदलू देईना. महाराजांचा जन्म १९०९ चा आणि विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले २००५ साली. ‘नागपूर विद्यापीठ (आताचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ)’ असे लिहिल्यावर सर्वांचे समाधान झाले.

मनीषनगर, मुद्रितशोधक

नियमच दोन्ही बाजूंना असेल, तर काय करावे? लेखाच्या शेवटी येणाऱ्या ‘हेही पहा’ या मथळ्याचे एक सदस्य ‘हेही पाहा’ करीत आणि दुसरे पुन्हा ‘पहा’ करीत. दोघेही नियमावलीतील एकच नियम उद्धृत करीत, आणि त्या नियमात आज्ञार्थी ‘राहा, पाहा, वाहा’ यांबरोबर ‘रहा, पहा, वहा’ यांनाही हरकत नाही, असे म्हटले आहे. त्यामुळे पानावर जे रूप आधी आले असेल ते कोणी बदलू नये, असा ठराव चर्चापानावर झाला. पहिले सदस्य हल्ली नवे पान तयार होताच सर्वांच्या आधी पोहोचून ‘हेही पाहा’ लिहून ठेवतात, आणि ते ठरावाला धरूनच आहे.