बाळाच्या हृदयात 'पांढरा ठिपका', फीटल इकोबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एरवी वाचनमात्र असतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बायकोला २० वा आठवडा चालू आहे. परवा इथेच, बार्शीला, अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात काही दोष आहे का ते बघणारी सोनोग्राफी) झाला. रिपोर्टमध्ये सगळं नॉर्मल, फक्त हृदयाच्या ओळीत 'डाव्या व्हेंट्रिकलमध्ये (म्हणजे खालच्या कप्प्यात) इकोजेनिक फोकस' आणि तळाला 'फीटल इको करून घ्यावा', म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी. डॉक्टर म्हणाल्या, पांढरा ठिपका आहे, घाबरू नका. बाहेर रांग लागलेली, पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

दुसरं म्हणजे, मशीनवर रंग लावल्यावर हृदयात लाल आणि निळं दोन्ही दिसलं. हृदयाला भोक असलं की बाळ निळं पडतं, एवढंच मला ऐकून माहीत. बायकोला हे बोललो नाही, पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. आईला कळलं तर ग्रहणात विळी हातात घेतली होती का, इथून चौकशी सुरू होईल, म्हणून तिलाही सांगितलेलं नाही.

ठिपका म्हणजेच भोक का? फीटल इकोत सगळं कळतं का? रेडिएशनचा त्रास? सोलापूरला नेऊ की थेट पुण्याला?

जाता जाता, बायकोला लग्नाआधीपासून साखर आहे, आता इन्सुलिनवर आहे. त्याचा याच्याशी संबंध नसावा.

सोनोवाली:
रेडिओलॉजिस्ट आहे, रिपोर्ट पाहिलेला नाही, तेव्हा हे ढोबळ समजा.

ठिपका म्हणजे भोक नाही. झडपेला ताणून धरणाऱ्या स्नायूत कॅल्शियमचा बारीक कण साठला की तो सोनोग्राफीत हाडाइतका पांढरा चमकतो. हृदयाच्या कामात त्याने काहीच बिघडत नाही. डाऊन सिंड्रोमच्या खुणांत त्याचं नाव येतं खरं, पण बाकी स्कॅन स्वच्छ आणि आधीची रक्ततपासणी चांगली असेल तर एकट्या ठिपक्याला फारसा अर्थ उरत नाही. ती रक्ततपासणी झाली होती का, ते मात्र बघा.

लाल-निळ्याने तर भल्याभल्यांची झोप उडते. प्रोबच्या (पोटावर फिरवतात त्या यंत्राच्या) दिशेने येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं, इतकंच. शुद्ध-अशुद्ध रक्ताशी त्याचा संबंध नाही. प्रोब उलट बाजूने धरला की तेच रक्त रंग बदलतं.

आता तुम्ही जाता जाता लिहिलंत ते. मला विचाराल तर इको ठिपक्यासाठी नाही, साखरेसाठी सांगितलाय. हृदय पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडतं, तेव्हा साखर चढी असेल तर दोषाची शक्यता वाढते. म्हणून आधीपासून मधुमेह असलेल्या आईला, ठिपका असो-नसो, इको सुचवतात. याचा अर्थ दोष आहे असा नाही. पहिल्या तिमाहीतला एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) किती होता?

धागाकर्ता:
६.४. रक्ततपासणी झाली होती, 'लो रिस्क' आली. साखरेचं डोक्यातच आलं नव्हतं.

सोनोवाली:
चांगला आहे. १८ ते २४ आठवडे ही योग्य वेळ, उगाच लांबवू नका. हृदय सुपारीएवढं असतं आणि मिनिटाला १२० ते १६० ठोके पडतात, म्हणून बघणारा हात मुरलेला हवा. गाव कुठलं ते दुय्यम. सोलापुरात नेहमी फीटल इको करणारं कुणी असेल तर पुण्याचा हेलपाटा कशाला? चार कप्पे, झडपा, महाधमनी आणि फुप्फुसधमनी कुठून निघतात, सगळं बघतात. ध्वनिलहरींचं काम आहे, रेडिएशन नाही.

सगळं मात्र कळत नाही. पोटात बाळाची फुप्फुसं श्वास घेत नाहीत, म्हणून वरच्या दोन कप्प्यांमधली खिडकी आणि दोन धमन्यांना जोडणारी नळी उघडीच असायला हवी. जन्मानंतर त्या मिटतील की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. खालच्या कप्प्यांमधलं अगदी बारीक भोकही निसटतं. त्यातली बरीचशी आपोआप बुजतात.

चिंचेचं पान:
माझ्या धाकटीच्या वेळी केला होता. डॉक्टरांची चिठ्ठी आणि बायकोचं ओळखपत्र विसरू नका, फॉर्म एफ (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालचा) भरल्याशिवाय टेबलावर घेत नाहीत. आमची बया पोटात पाठ फिरवून बसली होती, दोनदा बाहेर फिरून यायला लावलं. अर्धा दिवस मोकळा ठेवा.

धागाकर्ता:
गुरुवारची सोलापूरची वेळ मिळाली. बायकोलाही सगळं सांगितलं. म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला दाढ दुखतेय." उपाशीपोटी जायचं का?

सोनोवाली:
छे! जेवून, इन्सुलिन वेळेवर घेऊन जा.