हेडबँगिंग, मॉशपिट, रिफ: मराठीत काय म्हणायचं?

जुना_श्रोता

एका दिवाळी अंकासाठी हेवी मेटल आणि लाइव्ह कॉन्सर्टच्या आठवणी लिहितोय. संपादकबाईंची अट एकच आहे, "माझ्या सासूबाईंना कळलं पाहिजे." तिथेच घोडं अडलंय. दहावीच्या सुट्टीत मित्राच्या भावाकडून पहिली कॅसेट भरून घेतली तेव्हापासून हे संगीत ऐकतोय. त्याबद्दल बोललो सगळं मराठीतच, पण नामं सगळी इंग्रजी आणि फक्त क्रियापदं आपली. हेडबँग 'मारायचा', पिटमध्ये (मंचासमोर लोक मजेत एकमेकांवर आदळतात त्या मॉशपिटमध्ये) 'घुसायचं', गिटार 'पिळायची'. कट्ट्यावर हे चालून जातं. छापील पानावर दर ओळीला तीन परके शब्द आले की सासूबाई चष्मा काढून ठेवतील.

तर मदत करा. पहिला शब्द हेडबँगिंग, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर डोकं जोरात पुढे-मागे झुलवणं. शब्दकोशी भाषांतर करायला जावं तर 'डोकं आपटणे' होतं, आणि मराठीत डोकं आपटतात ते वैतागून, भिंतीवर. 'मान हलवणे' म्हटलं तर होकार वाटतो.

---

परिभाषा_प्रेमी

आधी मुळापासून सुरुवात करू. 'हेवी मेटल'लाच काय म्हणणार? 'जड धातू' म्हणजे पाणी तपासणीच्या अहवालातले शिसे आणि पारा. शिवाय मराठीत धातू म्हटलं की शाळेत व्याकरण शिकलेल्या माणसाला आधी क्रियापद आठवतं. 'भारी' घ्यावा तर त्याचा अर्थ केव्हाच 'झकास' झालाय, आणि मुंबईत 'हेवी'चाही तोच झालाय. माझी सूचना 'भारदस्त'. आवाजाला आपण तो शब्द लावतोच.

---

जुना_श्रोता

संगीताच्या नावाला हात लावायचा नाही, ते हेवी मेटलच राहील. 'खयाल'चं भाषांतर आपण कुठे करतो?

पण 'भारदस्त' आवडला, आणि तो बरोबरही आहे. हे संगीत जड वाटतं ते नुसत्या मोठ्या आवाजामुळे नाही. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये गिटारचा सूर दीड स्वराने उतरवला. तारा सैल झाल्या, दाबायला सोप्या झाल्या आणि आवाज खाली गेला. पुढच्या पिढ्यांनी सूर आणखी आणखी खाली नेला. 'सूर उतरवणे' हा मात्र आपला स्वच्छ शब्द आहे, तो मी लेखात घेतलाय.

---

तबलजी_सोलापूर

काका, एक भर घालतो. तुमच्या लोकांचा पॉवर कॉर्ड म्हणजे गिटारवर एकत्र वाजवलेले सा आणि प. बस्स. गंधार नाही. डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणं) लावल्यावर गंधार मिसळला की आवाज गढूळ होतो, म्हणून तो वगळतात. तानपुऱ्यावर बसणाऱ्या माणसाला षड्ज-पंचम म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. सासूबाईंना गाण्याचा कान असेल तर तिथून सुरुवात करा.

आणि रिफला, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीला, 'लेहरा' म्हणा. एकल तबल्याला हार्मोनियम किंवा सारंगीवर जी छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजते ती. काही मंडळी नगमाही म्हणतात.

---

जुना_श्रोता

लेहरा फारच जवळ गेला. पण एक अडचण आहे. लेहरा दुसऱ्यासाठी वाजतो. तबलजीला आवर्तन कळावं म्हणून तो तिथे असतो, आणि लेहरेवाल्याने जास्त हुशारी दाखवलेली कुणाला खपत नाही. रिफचं उलट आहे. गाणं म्हणजेच रिफ. लोक शब्द विसरतात आणि रिफ तोंडाने वाजवतात. 2008 च्या 1 फेब्रुवारीला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर आयर्न मेडन होते. त्यांच्या त्या जगदौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक, बँडचं सामान आणि माणसं घेऊन आलेलं बोइंग 757 तोच चालवायचा. त्या रात्री माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलांना इंग्रजी फारसं येत नसावं, कडव्यांना ती गप्प होती. गिटारची ओळ सुरू झाली की मात्र सगळं मैदान 'ओ ओ ओ' करून तीच ओळ गायचं. लेहरा कुणी असा गात नाही.

शिवाय लिंगाचा प्रश्न आहेच. मी 'तो रिफ' म्हणतो, पुण्याचे मित्र 'ती रिफ' म्हणतात. कॉन्सर्टचंही तसंच. घरात मुलगी 'ती कॉन्सर्ट' म्हणते आणि मला सुधारते.

---

कोकणकडा

हेडबँगिंगला 'घुमणे'. विषय संपला.

आमच्याकडे अंगात आलेलं माणूस घुमतं तेव्हा हेच करतं. केस मोकळे, मान पुढे-मागे नाहीतर गोल, आणि ढोलाच्या ठेक्यावर. माझ्या आत्याने युट्यूबवर स्लेअर या मेटल बँडचा व्हिडिओ पाहून पहिला प्रश्न विचारला होता, "हे कुणाचे?" म्हणजे कुठल्या देवाचे.

---

जुना_श्रोता

अहो, हा शब्द इतका समोर होता आणि सुचला नाही! आवाज घुमतो आणि माणूसही घुमतं, दोन्ही अर्थ कामाचे. आत्याबाईंना नमस्कार सांगा, त्यांचा प्रश्न लेखात वापरायची परवानगीही विचारा.

---

परिभाषा_प्रेमी

माझा आक्षेप. घुमणारा माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो, निदान तशी समजूत असते. हेडबँगिंग करणारा पूर्ण शुद्धीत असतो, गाण्याची लय बदलली की तोही बदलतो. शिवाय घुमणं हा कुणाच्या तरी श्रद्धेचा भाग आहे, तो शब्द करमणुकीला लावताना जपून.

---

कोकणकडा

श्रद्धेचं मान्य. ताब्यात असण्याचं नाही. आमच्याकडे घुमणारे ढोल थांबला की बरोब्बर थांबतात.

---

जुना_श्रोता

ताब्यात असण्यावरून आठवलं. मान ही काही कायम ताब्यात राहणारी चीज नाही. दुसऱ्या दिवशी ती 'धरते', आणि हा शब्दप्रयोग सासूबाईंना नक्की कळेल. 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात यावर चक्क अभ्यास छापून आला होता. त्या अंकात विषय हलकेफुलके असतात, पण आकडेमोड खरी असते. अशा गाण्यांची सरासरी लय मिनिटाला 146 ठोके, आणि त्या लयीत मान 75 अंशांपेक्षा जास्त फिरली तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते, असा त्यांचा हिशेब. उपाय काय, तर हळू गाणी ऐका, नाहीतर एक ठोका सोडून मान हलवा. ठाय लयीत घुमा म्हणे.

स्लेअरचा गायक टॉम अराया वर्षानुवर्षं केस भिरकावत वाजवायचा. 2010 मध्ये त्याच्या मानेची शस्त्रक्रिया झाली आणि ते बंद झालं. 2012 च्या ऑक्टोबरात स्लेअर बंगळुरूला आले तेव्हा मी गेलो होतो. समोर हजारो माना हलतायत आणि ज्याच्यामुळे हलतायत तो माणूस ताठ उभा. तो गाण्यांच्या मधे हसत होता, मस्त मजेत होता. पण माझी नजर त्याच्या मानेवरून हटेना. परतीच्या बसमध्ये आम्ही सगळे चाळिशीकडे झुकलेले, आणि बोलणं सगळं उशांबद्दल.

---

मावळती

मॉशपिटचं काय ठरलं? मी 'धक्काबुक्की' सुचवणार होते, पण तो पोलीस ठाण्याचा शब्द आहे. 'रेटारेटी' म्हटलं की मला आठ सत्तावीसची लोकल दिसते.

---

जुना_श्रोता

बरोबर. दोन्हींत राग आहे आणि पिटमध्ये राग नसतो, निदान नसावा. 'राडा' तर नकोच. राडा म्हणजे 2011 च्या 28 ऑक्टोबरला गुडगावला मेटालिकाचा कार्यक्रम रद्द झाल्यावर जे झालं ते. लोकांनी अडथळे तोडले आणि मंचाची नासधूस केली. दोन दिवसांनी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड वाजवून गेला आणि तिथे लोक पावसाच्या चिखलात एकमेकांवर आदळत होते. तो राडा नव्हता.

पिटचा पहिला नियम कुठेही लिहिलेला नाही पण सगळ्यांना माहीत असतो. कुणी पडलं तर आजूबाजूचे थांबतात, बखोटीला धरून उभं करतात आणि मग पुन्हा ढकलतात. एकदा माझा चष्मा पडला तर अनोळखी पोरांनी हात पसरून जागा केली आणि मोबाइलच्या उजेडात शोधून दिला. एक काडी गेली होती.

मूळ इंग्रजी शब्दही घोटाळ्यातूनच आला असं सांगतात. वॉशिंग्टनचा बॅड ब्रेन्स नावाचा बँड, गायक मंचावरून 'मॅश' म्हणायचा, उच्चार कॅरिबियन ढंगाचा, म्हणून लोकांनी 'मॉश' ऐकलं.

---

तबलजी_सोलापूर

धुमश्चक्री! त्यात चक्रही आहे.

---

मावळती

धुमश्चक्री फक्त वर्तमानपत्रात होते हो. ती कुणी बघितलेली नाही. मला 'धिंगाणा' बरा वाटतो. त्यात नाच आहे, थोडा वात्रटपणा आहे, आणि आई ओरडते तेव्हाही त्यात कुणाला मार लागलेला नसतो. आणि सगळे गोल पळतात त्या सर्कल पिटला 'रिंगण'?

---

परिभाषा_प्रेमी

रिंगणाला माझा ठाम विरोध. वारीतलं रिंगण शिस्तीचं असतं. अश्व धावतो, पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, प्रत्येकाची पाळी ठरलेली. त्याची बरोबरी नको.

---

जुना_श्रोता

'धिंगाणा घालणे' पक्का. रिंगण सोडून दिलं, भांडण नको. पिट सुरू व्हायच्या आधी लोक मागे सरून मधे जागा मोकळी करतात, त्याला मी 'कोंडाळं करणे' लिहिलंय, आणि पुढचं सरळ 'गोल पळणे'. साधं सांगितलं की कळतं.

एक शब्द मात्र मला कुणी सुचवावा लागला नाही. 'हुर्यो'. धोबीतलावचं रंगभवन आठवतंय का कुणाला? झेव्हियर्सच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. 1986 पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक व्हायचं, सगळ्यांच्या तोंडी आय-रॉक. काळे टीशर्ट घालून चर्चगेटवरून चालत जायचं. भर पावसाळ्याचे दिवस, आकाशाकडे बघतच तिकीट काढायचं. तिथला श्रोता दयाळू नव्हता. बँडने गुळगुळीत काही वाजवलं की हुर्यो, गिटार जुळवायला वेळ लावला की हुर्यो. स्वतःचं नवं गाणं आहे असं सांगितलं तरी हुर्यो, कारण आम्हाला ऐकलेलीच गाणी हवी असायची. आज वाटतं, त्या वेळच्या पोरांनी स्वतःची गाणी रचायची हिंमत केली कशी. पुढे 2000 नंतर मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शन आले, भयानक मौत आले (नाव हिंदी, गाणी इंग्रजी), आणि ती पोरं स्वतःचंच वाजवायची. लोकही ऐकायला लागले.

रंगभवन बंद पडलं ते दुसऱ्याच एका मराठी शब्दाने, 'शांतता क्षेत्र'. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवती शंभर मीटर. रंगभवनाच्या आसपास सगळंच आहे. नियमाबद्दल तक्रार नाही, रुग्णालयाशेजारी कुणालाही झोपू दिलं पाहिजे. पण त्या जागेच्या बदली दुसरी जागा या शहराने दिली नाही, याचा राग आहे आणि तो लेखात राहणार आहे.

---

कोकणकडा

ग्रोलिंगला, म्हणजे घशातून काढलेल्या त्या खरखरीत गायकीला, 'गुरगुरणे' करा. आणि ती दोन बोटांची खूण?

---

जुना_श्रोता

गुरगुरणे घेतला. काही जण खर्ज म्हणतात, पण खर्जात स्वर असतो आणि गुरगुरण्यात बहुतेक वेळा नसतो.

खुणेला 'शिंगं दाखवणे' म्हणतोय. ही लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओने, ब्लॅक सॅबथमध्ये आल्यावर. त्याने मुलाखतींत सांगितलंय की ती त्याच्या इटालियन आजीची खूण. रस्त्यात कुणाची वाईट नजर लागेल असं वाटलं की आजी बोटं तशी करायची. म्हणजे ज्या खुणेला लोक सैतानाची म्हणून घाबरतात ती दृष्ट काढायची खूण आहे. सासूबाईंसाठी हा परिच्छेद मी सगळ्यात वर नेणार आहे.

---

मावळती

नृत्यातली सिंहमुख मुद्रा जवळपास तीच. मधली दोन बोटं अंगठ्याला टेकलेली, तर्जनी आणि करंगळी उभी.

---

तबलजी_सोलापूर

शेवटचा राहिला, एन्कोअर. त्याला तर आपल्याकडे शंभर वर्षांचा शब्द आहे. वन्समोअर! संगीत नाटकांतला. इंग्रजी असला तरी मराठीच झालाय.

---

जुना_श्रोता

मीही आधी तेच लिहिलं, मग काढलं. वन्समोअर म्हणजे तेच पद पुन्हा. नटाने जीव तोडून गायलं, लोकांनी मागितलं, त्याने परत गायलं. मागितलं नाही तर नाही. मेटलवाले आत जातात, दिवे मालवतात, लोक ओरडतात, आणि ते बाहेर येऊन दुसरीच गाणी वाजवतात. ती यादीत आधीपासून लिहिलेली असतात. 2008 साली मेडनने एन्कोअरला तीन गाणी ठेवलेली, मुंबईत काय आणि पुढे परदेशात काय, तीच. आम्ही ओरडलो नसतो तरी वाजवली असती. तेव्हा वन्समोअर नाटकवाल्यांकडेच राहू दे.

---

तबलजी_सोलापूर

मग 'भैरवी' म्हणा. तीही ठरलेलीच असते.