मधलं बाकडं काढू नका

दादा, नाथसागरात मासेमारीसाठी घेतलेल्या १२ फुटी अॅल्युमिनियम होडीचं मधलं बाकडं काढून सलग डेक (उभं राहायचा सपाट पाटा) करायचं म्हणताय. तेवढं बाकडं राहू द्या. अशा होड्यांत बाकड्यानंच दोन्ही बाजू ताठ राहतात, आणि पुष्कळदा त्याच्याच पोटात तरंगायचा फोम असतो. डेक पुढच्या टोकालाच करा, तोही बुटका. उंचावर फिरती खुर्ची बसवली की वजन वर जातं, होडी कलंडायला बघते, आणि पैठणकडं वारा सुटला की लाटा काय उठतात ते तुम्ही जाणताच. मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड घ्या, पण त्यात तांब्याचं औषध नाही ना ते आधी विचारा; कडा इपॉक्सी राळेनं बंद करा. तांब्याच्या औषधात मुरवलेलं लाकूड मात्र नकोच, ओलीत ते पत्रा खातं. तळाला भोक पाडू नका.