संत्र्याच्या सालीचा अर्क + सिप्रोफ्लॉक्सासिन: झोन वाढला म्हणजे सिनर्जी का?

सूक्ष्म_नागपूर: एम.एस्सी.चं प्रोजेक्ट आहे. कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या संत्र्यांच्या साली वाळवून मिथेनॉलमध्ये अर्क काढला. स्टॅफ ऑरियस या बॅक्टेरियाच्या प्लेटवर सिप्रोच्या (सिप्रोफ्लॉक्सासिन, अँटिबायोटिक) ५ मायक्रोग्रॅम डिस्कवर १० मायक्रोलिटर अर्क टाकला, की झोन (डिस्कभोवतीचा वाढ नसलेला गोल) २-३ मिमी वाढतो. याला सिनर्जी (दोन्हींचा मिळून बेरजेपेक्षा जास्त परिणाम) म्हणता येईल का? नसेल तर पुढे काय करू?

आगरवाली: नाही म्हणता येणार. एवढा फरक आगरची जाडी किंवा बॅक्टेरियाची दाटी बदलली तरी पडतो. शिवाय सिप्रो आगरमध्ये भराभर पसरतं आणि सालीतले तेलकट घटक डिस्कपाशीच बसून राहतात. डिस्कवर नुसतं मिथेनॉल टाकून, वाळवून झोन मोजलात का? तो कंट्रोल नसेल तर आकड्याला अर्थच नाही.

चेकरबोर्ड लावा, म्हणजे दोन्ही घटकांच्या सगळ्या तीव्रता एकमेकींशी जोडून बघा. ९६ वेलची (खणांची) प्लेट, कॅटायन-अ‍ॅडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथ (बॅक्टेरिया वाढवायचा द्राव). आडवं सिप्रो, उभा अर्क, दोन्ही दुपटीने पातळ करत. प्रत्येक वेलमध्ये ५०-५० मायक्रोलिटर, म्हणून दोन्ही चौपट तीव्रतेचे बनवा. ०.५ मॅकफार्लंडचं (गढूळपणाचं ठरलेलं माप) बॅक्टेरियांचं सस्पेन्शन १५० पट पातळ करून १०० मायक्रोलिटर घाला, म्हणजे मिलिलिटरला साधारण ५ लाख बॅक्टेरिया होतात. ३५ अंशांवर १६ ते २० तास.

हिशेब असा: सिप्रोचा एमआयसी (वाढ थांबवणारी सर्वांत कमी तीव्रता, मायक्रोग्रॅम/मिलि) एकट्याने ८, जोडीने २, तर २ भागिले ८ म्हणजे ०.२५. अर्काचा १०२४ वरून २५६, तर ०.२५. बेरीज ०.५. ०.५ किंवा कमी असेल तरच सिनर्जी, ०.५ ते ४ मध्ये काहीच म्हणू नका. एका पायरीची चूक या पद्धतीतच असते, म्हणून ८ वरून ४ आला तर हुरळून जाऊ नका. वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा.

खण_९६: चेकरबोर्ड बिघडतो तो इथे:

डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्राव). ५० मिग्रॅ/मिलि स्टॉकवरून वेलमध्ये ५०० मायक्रोग्रॅम/मिलि हवं असेल, तर डीएमएसओ १ टक्का होतो. त्यापुढे जाऊ नका आणि सगळ्या वेलमध्ये तो सारखाच ठेवा.

अर्काचा रंग. गढूळपणा डोळ्यांनी कळत नाही म्हणून लोक रेझाझुरिन घालतात (जिवंत बॅक्टेरिया असले की गुलाबी होणारा निळा रंग). पण सालीतले अँटिऑक्सिडंट बॅक्टेरिया नसतानाही त्याला निळ्याचं गुलाबी करू शकतात. अर्क + ब्रॉथ, बॅक्टेरियाशिवाय, अशी एक रांग हवीच. शंका आली की १० मायक्रोलिटर प्लेटवर टाकून वाढ बघा.

लिमोनीन (सालीच्या तेलातला उडून जाणारा घटक). साल नुसती वाळवली तरी तेल थोडं राहतं, त्याची वाफ शेजारच्या वेलमध्ये जाते. प्लेट सील करा.

आणि आपलं ऊन! साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत ४० वर पारा असेल तर डायल ३५ वर ठेवून उपयोग नाही. आत थर्मामीटर ठेवा. कोरड्या हवेत कडेच्या वेल आटतात, त्यांत निर्जंतुक पाणी भरून ठेवा. सालीच्या बरणीवर आंबिया की मृग बहार (संत्र्याचा कोणता हंगाम), तेही लिहा. पुढच्या बॅचचा अर्क वेगळा निघाला तर तिथूनच शोध सुरू होईल.

पंप_अडवा: सिनर्जी दिसली तर कारणही शोधा. स्टॅफच्या पेशीच्या आवरणातला नॉरए नावाचा पंप सिप्रो बाहेर फेकतो. एसए-११९९बी स्ट्रेनमध्ये हा पंप जास्त असतो, त्याच्या शेजारी मूळ एसए-११९९ लावा. पॉझिटिव्ह कंट्रोल रेझर्पिन (हा पंप अडवतं हे आधीच माहीत असलेलं), २० मायक्रोग्रॅम/मिलि. फक्त ११९९बी मध्येच सिप्रोचा एमआयसी ठळक उतरला, तर पंपावर संशय घ्या. मग एथिडियम ब्रोमाइड (हाच पंप बाहेर फेकतो तो चमकणारा रंग) पेशीत साचतं का ते फ्लोरोमीटरवर बघा (हातमोजे घालूनच). निसर्गातलं सुरेख उदाहरण बर्बेरिनचं (दारुहळदीतला पिवळा जंतुनाशक घटक) आहे. नॉरए त्याला बाहेर हाकलतो, म्हणून एकटं दुबळं. पण दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत सोबत ५'-मेथॉक्सिहिडनोकार्पिन असतं, ते पंप अडवतं. हे २००० साली दाखवलं गेलं.

सूक्ष्म_नागपूर: ई. कोलायवरही लावू का? आणि मिऱ्यातलं पिपरीन टीबीच्या औषधात आहेच ना, तेही याच कारणाने?

पंप_अडवा: ई. कोलाय नंतर. त्याचं बाहेरचं जादा आवरण आणि एसीआरएबी-टॉलसी हा बाहेर फेकणारा पंप, दोन्ही पार करायचे, तिथे बहुतेक वनस्पती घटक अडतात. आधी स्टॅफ नीट पुरं करा.

पिपरीनचं कारण वेगळं. रिसोरिन या टीबीच्या गोळीत रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिग्रॅ ठेवलं आणि सोबत १० मिग्रॅ पिपरीन. औषध रक्तात जास्त पोचावं म्हणून. प्रतिकार मोडण्यासाठी नव्हे. प्लेटमध्ये पिपरीन नॉरए अडवतं, ती दुसरी गोष्ट. थिसिसमध्ये हे दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळू नका. आणि कोणी विचारलं तर पिपरीनची कॅप्सूल औषधाच्या गोळ्यांसोबत घ्या असं सांगू नका, त्याने फेनिटॉइन, थिओफिलिनसारख्या औषधांचीही रक्तातली पातळी वाढते.