बाप सापडलाच पाहिजे का? गणपतीतल्या नाटकाच्या शेवटाबद्दल

आमच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी दोन अंकी नाटक होतं. यंदाची संहिता मी लिहिली आहे. ९ वर्षांची मुलगी, आई नुकतीच वारलेली. आजीला ट्रंकेत आईचं पत्र सापडतं. ‘तुझे बाबा अजून त्याच वाड्यात राहतात’ एवढं वाक्य आहे आणि पुढचं पान नाही. आजी नातीचं बोट धरून सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात येऊन थडकते. तिथे तीन पुरुष: रिटायर झालेले हेडमास्तर, खानावळवाला आणि ५२ वर्षांचा बिनलग्नाचा तबलजी. मग दोन तास पळापळ, लपवाछपवी, कुणाची तरी आयत्या वेळी उभी केलेली आत्या. तालमीत आमचेच लोक हसून वाक्यं विसरतात.

वाद आहे शेवटावरून. मंडळातल्या बहुतेकांना डीएनएचा रिपोर्ट येऊन खरा बाप सापडायला हवा आहे. मी लिहिलंय ते असं, की बाप सापडतच नाही. जो बाप नाही हे पहिल्या अंकातच स्पष्ट झालंय, तो तबलजी मुलीला दत्तक घेतो.

माझी भाची दत्तक आहे. दरवर्षी पहिल्या रांगेत बसते. दोन तास ‘कोण? कोण?’ करून शेवटी रक्ताचा बाप सापडला म्हणून सगळं गोड झालं, हे तिच्यासमोर दाखवायला माझा हात धजत नाही. महात्मा फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. ज्या शहरात हे घडलं, तिथल्या वाड्याच्या नाटकात मी रिपोर्टचा कागद फडकवत पडदा पाडू?

तुम्हाला काय वाटतं?

रंगपीठ:
भावना पटते, शेवट पटत नाही. ३० वर्षं हौशी नाटकं बसवतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही प्रेक्षकाला प्रश्न दिलात, ‘बाप कोण?’ फार्सचं सगळं यंत्र त्या प्रश्नावर फिरतं. दारं उघडतात, बंद होतात, माणसं कपाटात शिरतात, ती याच प्रश्नापायी. उत्तर न देता पडदा पाडलात तर टाळ्या पडतील, पण जिना उतरताना लोक म्हणतील, ‘मग बाप होता तरी कोण?’ तुमच्या भाचीसाठी नाटक लिहा, जरूर लिहा. मग त्यात बापाचा शोध ठेवूच नका. शोध ठेवला की तो पुरा करायची जबाबदारी लेखकाची.

एकटी_आई:
मला शेवटाच्या आधीच अडखळायला झालं. तिघांपैकी कुणीही बाप असू शकतो, म्हणजे आई कोण ठरते? ती वारली आहे, तिला स्वतःची बाजू मांडता येत नाही, आणि प्रत्येक हशा तिच्या खर्चाने आहे. मी मुलाला एकटीने वाढवलं. शाळेच्या खिडकीवर ‘वडिलांचं नाव?’ हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला गेला की मागची रांग गप्प व्हायची, ते अजून कानात आहे. अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगता स्वतःच्या मुलाचं पालकत्व मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. आणि तुमच्या नाटकात आईला नाव तरी आहे का? वर कुठे दिसलं नाही.

मूळ लेखक:
नाही. ‘आई’ एवढंच आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज रात्री पहिला अंक पुन्हा लिहायला घेतो.

कोर्टाची_पायरी:
कायद्याचं सांगतो. तुमचा तबलजी मुलीला दत्तक घेऊ शकत नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ५७: एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी दोन्ही घेता येतात, पुरुषाला फक्त मुलगा. प्रेक्षकांत एखादा वकील असला तर शेवटच्या पाच मिनिटांत तो मान हलवत बसेल.

निवृत्त_शिरस्तेदार:
वरचं अर्धंच बरोबर आहे. संस्थेतलं मूल बाल कल्याण समितीमार्फत दत्तक जातं, तिथे ते कलम लागतं. इथे मुलगी आजीजवळ आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे बिनलग्नाच्या पुरुषालाही मुलगी दत्तक घेता येते. अट अशी की तो तिच्यापेक्षा किमान २१ वर्षांनी मोठा हवा. ५२ वजा ९, म्हणजे अडचण नाही. आई वारलेली, बाप माहीत नाही, अशा वेळी मुलीची पालक असलेली आजी न्यायालयाची आधी परवानगी घेऊन तिला दत्तक देऊ शकते. आणि लेखकाने हे वाचावंच: परवानगी देताना न्यायालयाने मुलाचं वय आणि समज बघून त्याची स्वतःची इच्छाही लक्षात घ्यायची, असं त्याच कायद्यात लिहिलंय. सगळ्या धाग्यात मुलीला काय हवंय हे अजून कुणी विचारलेलं नाही.

कोर्टाची_पायरी:
मान्य. मी फक्त २०१५ चाच कायदा बघितला होता.

रंगपीठ:
मग हाच मुद्दा माझ्या बाजूने घ्या. मुलीला काय हवंय? ती बापाला शोधायला आली आहे! उपनिषदातल्या सत्यकाम जाबालानेही आईला, जबालेला, पहिला प्रश्न हाच विचारला होता, माझं गोत्र कोणतं.

एकटी_आई:
आणि जबालेने काय सांगितलं, तेही सांगा ना. तरुणपणी अनेक ठिकाणी राबत होते, मला माहीत नाही, तू सत्यकाम जाबाल आहेस असं सांग. आईचं नाव घेऊन तो गुरूकडे गेला. त्या गुरूने, गौतमाने, त्याला स्वीकारताना जे कारण दिलं ते मला टोचतं, असं खरं बोलणारा ब्राह्मणच असणार म्हणे. पण जबालेचं उत्तर मला आजही पाठ आहे.

कोवळं_ऊन:
मी दत्तक मुलगी. आता ४१ वर्षांची. लेखकाला वाटतंय की शोध फसला तर आम्हाला बरं वाटेल. मला नाही वाटणार.

मला आई-बाबांनी सातव्या वर्षी सांगितलं. त्यांच्यावर माझा जीव आहे, त्याबद्दल मनात कधी शंका आली नाही. तरीही आरशासमोर उभं राहून हे नाक कुणाचं, हा विचार मी शेकडो वेळा केलाय. मूळ शोधू पाहणाऱ्या दत्तक व्यक्तीसाठी आता आपल्या दत्तक नियमांतही वाट ठेवली आहे. म्हणजे ही ओढ आई-बाबांशी बेइमानी नाही, हे व्यवस्थेनेसुद्धा मानलंय. काँग्रेस नेते नारायण दत्त तिवारी हे आपले वडील आहेत, असं म्हणत रोहित शेखर २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तिवारींच्या रक्ताचा नमुना मिळून रिपोर्ट यायला २०१२ उजाडलं. त्या माणसाने वर्षं घालवली फक्त ‘हो’ ऐकायला. तो वेडा नव्हता.

तुमच्या शेवटात मुलगी तबलजीच्या मिठीत जाते आणि प्रश्न विसरते. आम्ही विसरत नाही. आणि रंगपीठ, तुमच्या शेवटात भर दिवाणखान्यात रिपोर्ट मोठ्याने वाचला जातो. शेजारी, खानावळीतले मेंबर, सगळे ऐकतात. तोही मला नको. ती माहिती मुलीची आहे, वाड्याची नाही.

जुना_प्रॉम्प्टर:
थोडं तांत्रिक. मंडळवाल्यांच्या शेवटात डीएनए कसा मिळवलाय? हेडमास्तरांच्या कंगव्यातले केस चोरले, असं काही असेल तर सांगून ठेवतो, नुसत्या तुटलेल्या केसाला मूळ नसेल तर पितृत्व ठरवण्याइतका डीएनए सहसा मिळत नाही. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. आई हयात नसली तरी मुलगी आणि पुरुष यांच्या नमुन्यांवरून ठरतं.

मूळ लेखक:
कंगवाच होता. आता काहीच नसेल.

कोवळं_ऊन यांचा प्रतिसाद काल रात्री चार वेळा वाचला. भाचीला दुखावू नये म्हणून मी तिचा प्रश्नच झाकून ठेवत होतो. हे मला कुणी घरात सांगितलं नसतं.

नवा शेवट असा. पत्राचं दुसरं पान सापडतं, आजीच्या पोथीत. आजीने ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि लपवलं होतं. वाड्यात आली ती बाप शोधायला नाही, तिघांत माणूस कोण आहे ते बघायला. म्हणजे पहिल्या अंकातली तिची सगळी वेंधळी वाक्यं आता जाणूनबुजून बोललेली ठरतात, एकही बदलावं लागत नाही. आईने आयुष्यात एकाच माणसावर प्रेम केलं होतं, हेही त्या पानात आहे. आईचं नाव सुनंदा. आजी ते पान नातीच्या हातात देते. मुलगी वाचते. तिघे जागच्या जागी उभे. ती पानाची घडी घालते, फ्रॉकच्या खिशात ठेवते, आणि तबलजीला विचारते, ‘मी तुमच्याकडे राहू?’ तिला कळलेलं असतं, आपल्याला नाही.

कोवळं_ऊन:
हे मी पाहायला येईन.

एकटी_आई:
सुनंदा हे नाव पहिल्या पाच मिनिटांत येऊ दे. शेवटी नको.

रंगपीठ:
आजीचा उलगडा उत्तम आहे, त्यावर दाद नक्की येईल. पण तुम्ही उत्तर रंगमंचावर आणून प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर खिशात घालताय. हे न देण्यापेक्षा वाईट. २०० माणसं खुर्च्यांवरून त्या खिशाकडे बघत राहतील. निदान वाचताना तिने तिघांपैकी एकाकडे क्षणभर बघावं. एवढं तरी द्या.

मूळ लेखक:
तिने कुणाकडे बघितलं की वाड्याला कळलं. नाही बघणार.

रंगपीठ:
मग त्या पॉजमध्ये तिघांचे चेहरे इतके पक्के बसवा, की प्रत्येकाला आपलंच नाव असावं असं वाटतंय, हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. सुरुवातीला तिघंही जबाबदारी टाळत पळत होते ना? शनिवारी तालमीला येतो. खानावळवाल्याचं काम करणारा हसरा आहे, त्याच्यावर मेहनत घ्यावी लागेल. पण शेवट मला अजून मान्य नाही, हे नोंदवून ठेवा.