‘डाय’ला दरवेळी ‘मरणे’ लिहून भागत नाही, मग काय लिहायचं?

नवीपेठकर
अभ्यासिकेतल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी इंग्रजीची टिपणं चालली आहेत, गाडी ‘डाय’वर अडली. ‘डाइड ऑफ’ बरोबर की ‘डाइड फ्रॉम’? ‘डाय’पुढे आउट, डाउन, अवे, ऑफ (दोन ‘एफ’वाला) लागलं की चारही ठिकाणी ‘संपणे’ चालेल का? आणि ‘ही इज डाइड’ ही चूक इतकी चिवट का?

शनिपार_कट्टा
शेवटच्या प्रश्नापासून धरतो, मार्क तिथेच जातात. आपण ‘तो वारला आहे’ म्हणतो, त्या ‘आहे’चा ‘इज’ होतो आणि ‘वारला’चा ‘डाइड’. इंग्रजीत घटना आणि अवस्था यांचे शब्द वेगळे. घटना सांगायची तर ‘ही डाइड’, अवस्था सांगायची तर ‘ही इज डेड’. ‘डाय’ अकर्मक आहे, त्याचा कर्मणी प्रयोग होतच नाही, म्हणून ‘वॉज डाइड’ही बाद.

यातूनच दुसरी चूक निघते. ‘ते जाऊन दोन वर्षं झाली’ याचं ‘ही हॅज डाइड सिन्स टू इयर्स’ करतात. मरण एका क्षणाचं, ते दोन वर्षं चालत नाही. ‘ही डाइड टू इयर्स अगो’ किंवा ‘ही हॅज बीन डेड फॉर टू इयर्स’ लिहा.

एक गंमत बघा. ‘ही डाइड अ नॅचरल डेथ’ इथे अकर्मक क्रियापदाला चक्क कर्म आहे, पण ते त्याच धातूच्या अर्थाचं. मराठीत ही जागा तृतीया घेते: ‘कुत्र्याच्या मौतीने मेला’. एखादा प्रस्ताव कुणी न मारता आपोआप बारगळला, तरी इंग्रजीत हेच वाक्य चालतं.

अनुवादकी
ऑफ-फ्रॉमचं भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. रोग, भूक, तहान, म्हातारपण यांना ‘ऑफ’ : ‘डाइड ऑफ मलेरिया’. जखमा, मार यांना बहुधा ‘फ्रॉम’. रोगाला ‘फ्रॉम’ लावलं तरी आज कुणी चूक म्हणत नाही, पण भूक आणि म्हातारपणाला ‘ऑफ’च कानाला बरं लागतं. ‘बाय’ आला की प्रकार सांगितला जातो, जसं ‘डाइड बाय सुइसाइड’. ‘कमिट सुइसाइड’मधलं ‘कमिट’ हे गुन्ह्याचं क्रियापद असल्यामुळे बरीच वृत्तपत्रं आता हा प्रयोग पसंत करतात. ‘विथ’ जपून वापरा: ‘डाइड विथ कोविड’ म्हणजे मरताना कोविड होता, कारण तोच असेल असं नाही.

‘डाइंग फॉर’पुढे नाम येतं, ‘डाइंग टू’पुढे क्रियापद. ‘आय अ‍ॅम डाइंग फॉर अ कप ऑफ टी’ म्हणजे चहाची तल्लफ आली आहे. हा अर्थ चालू काळातच येतो. ‘आय डाय फॉर टी’ लिहिलंत तर चहापायी प्राण द्याल.

आता तुमची चौकडी. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर उभं राहून ऐका. पथक वादन आटोपतं घेतं, दणका उतरतो, तो ‘डाइज डाउन’. तेच पथक वाजवत अलका चौकाकडे सरकतं, ढोल लांब लांब जात ऐकू येईनासा होतो, तो ‘डाइज अवे’. जोर कमी झाला तर डाउन, आवाज विरत गेला तर अवे. वाऱ्याला आपण ‘वारा पडला’ म्हणतो, तिथेही ‘डाउन’च. दोन ‘एफ’वाला ‘डाय ऑफ’ म्हणजे एकामागून एक मरत संख्या घटणं. ‘डाय आउट’ म्हणजे नामशेष होणं: भारतातून चित्ता ‘डाइड आउट’, 1952 साली तसं जाहीर झालं. चारही ठिकाणी ‘संपणे’ लिहिलंत तर पोरांचा घोळ कायमचा.

पाचवा सोबती विसरलात, ‘डाय बॅक’. झाडाची फांदी शेंड्याकडून खाली वाळत येते तो प्रकार. मिरची-आंब्यावर होतो, त्यामुळे कृषी सेवेच्या परीक्षेला हमखास कामाचा.

शनिपार_कट्टा
‘ओल्ड हॅबिट्स डाय हार्ड’ राहिलं. इथे ‘हार्ड’ म्हणजे ‘सहजी नाही’. ‘हार्डली’ लिहिलं की अर्थ फिरतो. आपल्याकडे ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ तयारच आहे, वेगळं भाषांतर कशाला? आणि ‘माय फोन डाइड’ला ‘मोबाइल मेला’ नको, ‘बॅटरी उतरली’ किंवा ‘बंद पडला’ म्हणा. भूक मात्र मराठीतही मरते.

भोसरी_फिटर
‘द डाय इज कास्ट’ कुणी या क्रियापदात घालू नका. तिथला ‘डाय’ म्हणजे फासा. ख्रिस्तपूर्व 49 मध्ये रुबिकॉन नदी ओलांडताना सीझरच्या तोंडी घातलेलं वाक्य, म्हणजे फासा पडला, आता माघार नाही. आमच्या एमआयडीसीतली पोरं याचा अर्थ ‘डाय (म्हणजे साचा) ओतली’ लावतात. त्यांचा दोष नाही, दिवसभर डाय कास्टिंग ऐकतात. तिथेही ओततात ते अ‍ॅल्युमिनियम, पोलादी डायमध्ये दाबाने. फाशाचं अनेकवचन ‘डाइस’, साच्याचं ‘डाइज’. आटे पाडायच्या एका हत्यारालाही ‘डाय’च म्हणतात: टॅपने भोकात आतून आटे पाडतात, डायने रॉडवर बाहेरून.

नवीपेठकर
‘एक्स्पायर्ड’चं काय? सोसायटीच्या ग्रुपवर निधनाची बातमी तशीच येते.

अनुवादकी
शब्दकोशात तो अर्थ आहे, पण जुन्या ग्रांथिक आणि दवाखान्याच्या भाषेतला. बाहेरच्या वाचकाला आधी औषधाची पट्टी आठवते. निधनाला ‘पास्ड अवे’ लिहा, बातमीत सरळ ‘डाइड’. स्पेलिंगही एकदा फळ्यावर घ्या: मरण्याच्या ‘डाइंग’मध्ये ‘आय-ई’ जाऊन ‘वाय’ येतो, कापड रंगवण्याच्या ‘डाइंग’मध्ये ‘वाय’नंतरचा ‘ई’ तसाच राहतो. तो ‘ई’ गाळला की पाटीवरचं रंगकामाचं दुकान शेवटच्या घटका मोजतं.